सीताबर्डीविषयींच्या कांहीं प्रचलित समजुतींचें परीक्षण

नागपूरच्या जुन्या शहराच्या पश्चिमेस, दोन टेकड्यांच्या पायथ्याशीं असलेलें सीताबर्डी हें ठिकाण तीन अवस्थांतून गेलें आहे. आरंभीं तें शहराबाहेरचें खेडें होतें, पुढें उपनगर झालें, आणि आतां तें वाढलेल्या नागपुराचा मध्य होऊन बसलें आहे. उत्तरेकडून शिवनी-जबलपूरची, पूर्वेकडून भंडारा-रायपूरची, दक्षिणेकडून हिंगणघाट-हैदराबादची व पश्चिमेकडून अमरावतीची अशा चार दिशांच्या वाटा ज्या परिसरांत येऊन मिळाल्या, तो हाच. अशा ठिकाणाविषयीं पुष्कळ कथा प्रचारांत असाव्या हें स्वाभाविक आहे. परंतु या कथा अलीकडे केवळ लोकांच्या तोंडीं राहिल्या नसून माहितीपुस्तकांत, पाट्यांवर व शालेय लेखनांतहि शिरल्या आहेत. आणि एकदां छापलेलें वाक्य पुढें प्रमाण म्हणून उद्धृत होतें, हा आपल्या इतिहासलेखनांतील नित्याचा अनुभव आहे. सबब या समजुतींपैकीं मुख्य चारांचें परीक्षण करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

त्या चार समजुती येणेप्रमाणें : (१) सीताबर्डी हें नांव शीतलाप्रसाद व बद्रीप्रसाद या दोन गवळी बंधूंच्या नांवांवरून ‘शीतलाबद्री’ असें पडलें व इंग्रजांनीं तें बिघडविलें, (२) तेथील किल्ला आप्पासाहेब भोसल्यानें लढाईपूर्वीं बांधला व १८१७ ची लढाई त्या किल्ल्यावर झाली, (३) १९२३ सालीं महात्मा गांधी या किल्ल्यांत बंदिवान होते, (४) तेथील ‘शून्य मैलाचा दगड’ हा हिंदुस्थानचा मध्यबिंदु असून देशांतील सर्व अंतरें त्यापासून मोजलीं जात. यांपैकीं एकहि समजूत आहे त्या स्वरूपांत स्वीकारतां येत नाहीं, असें आमचें मत झालें आहे. त्याचीं कारणें क्रमानें देतों.

प्रथम नांवाचा विचार. या व्युत्पत्तीचा सगळा भार एका गृहीतावर आहे : मूळ शब्द ‘शीतलाबद्री’, त्याचा इंग्रजी अपभ्रंश ‘सीताबल्डी’, आणि त्या अपभ्रंशावरून आजचें रूप. हें खरें मानल्यास नागपूरच्या रहिवाशानें स्वतःच्या गांवाचें नांव साहेबाच्या तोंडून शिकून घेतलें असें मानावें लागतें. प्रत्यक्षांत इंग्रजी कागदांत ‘बल्डी’ असें लकारयुक्त लेखन आहे, आणि नागपूरकर आजहि रकारयुक्त ‘बर्डी’ असेंच म्हणतो. ‘बर्डीवर जातों’ म्हणणारा मनुष्य पुढचा ‘सीता’ शब्द गाळून टाकतो, ‘बर्डी’ मात्र सोडीत नाहीं. नांवाचा मूळ भाग कोणता, याची साक्ष बोलण्यांतच आहे. ‘बरड’ म्हणजे खडकाळ, मुरमाड, हलकी जमीन हा शब्द मराठींत सर्वत्र चालतो. फलटणजवळचें बरड गांव वारकऱ्यांच्या परिचयाचें आहे. मुरमाड उंचवट्याच्या पायथ्याशीं वसलेल्या वस्तीस ‘बर्डी’ म्हणणें इतकें सरळ असतां दोन बंधूंचीं नांवें जोडून, मग तीं मोडून, मग तीं इंग्रजांकडून पुन्हा घेण्याची यातायात कां करावी ? शिवाय ही कथा सांगणारे तिच्यासोबत सनद, इनामपत्र किंवा महजर यांपैकीं कांहींहि पुढें करीत नाहींत. कागदावांचून उभी असलेली कथा भाषेच्या नियमांशींहि जुळत नसेल तर ती सोडून देणें हाच मार्ग होय.

नांवाइतकाच महत्त्वाचा प्रश्न वस्तीच्या प्राचीनतेचा आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद यानें अठराव्या शतकाच्या आरंभीं ‘राजापूर बारसा’ म्हणून ओळखलीं जाणारीं बारा खेडीं एकत्र करून नागपूर वसविलें, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. या बारा खेड्यांच्या ज्या याद्या प्रचारांत आहेत त्यांत सक्करदरा, फुटाळा, लेंड्रा यांच्याबरोबर सीताबर्डीचेंहि नांव येतें. बख्त बुलंदाचा मुलगा चांद सुलतान यानें शहरास तट घातला व जुम्मा तलाव बांधविला. तट पडला म्हणजे आंत आणि बाहेर असा भेद उत्पन्न होतो. सीताबर्डी तटाबाहेर राहिली. पुढच्या शंभर-सवाशें वर्षांत या ठिकाणाला जें स्वरूप आलें त्याचें मूळ या एका गोष्टींत आहे : शहराच्या इतकें जवळ कीं व्यवहार तुटूं नये, आणि शहराच्या इतकें बाहेर कीं तेथें राहणारा शहराचा नसे.

१८०३ च्या देवगांवच्या तहानंतर नागपूरच्या दरबारीं इंग्रजांचा रेसिडेंट कायमचा येऊन राहिला. १८०४ पासून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन व त्याच्या मागून रिचर्ड जेन्किन्स हे या पदावर होते. रेसिडेन्सीसाठीं जागा मिळाली ती तटाबाहेर, सीताबर्डीच्या टेकड्यांच्या पश्चिमेस. दरबारास परका वकील राजवाड्यापासून दूर हवा होता आणि वकिलास निघून जाण्याची वाट मोकळी हवी होती. दोघांच्याहि सोयीची जागा एकच ठरली. पूर्वेस शहर, पश्चिमेस रेसिडेन्सी आणि मध्यें टेकड्या, ही मांडणी लक्षांत घेतल्यावांचून १८१७ च्या प्रसंगाचा अर्थ लागत नाहीं.

त्या प्रसंगाकडे आतां वळूं. दुसरे रघूजी भोसले १८१६ च्या मार्चमध्यें वारले. त्यांचे पुत्र परसोजी राज्यकारभारास असमर्थ असल्यामुळें चुलतबंधु मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब यांच्या हातीं सत्ता आली. त्यांनीं त्याच वर्षाच्या मे महिन्यांत इंग्रजांशीं तैनाती फौजेचा तह केला. १८१७ च्या फेब्रुवारींत परसोजी मरण पावले व आप्पासाहेब गादीवर आले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं पुण्यास पेशव्यांची व इंग्रजांची खडकी येथें लढाई झाली. त्याच महिन्याच्या २४ तारखेस आप्पासाहेबांनीं पेशव्यांकडून आलेलीं सेनासाहेबसुभा पदाचीं वस्त्रें उघडपणें स्वीकारलीं. दोन दिवसांनीं, २६ नोव्हेंबरच्या सायंकाळीं, सीताबर्डीवर तोंड लागलें आणि रात्रभर चालून दुसऱ्या दिवशीं दुपारच्या सुमारास लढाई संपली.

लोकांत आज ‘सीताबर्डीच्या किल्ल्याची लढाई’ असा शब्दप्रयोग रूढ आहे. परंतु लढाईच्या दिवशीं तेथें किल्ला नव्हता. लेफ्टनंट कर्नल स्कॉट याची फौज, म्हणजे मद्रासी पायदळाच्या दोन पलटणी, बंगालच्या सहाव्या रिसाल्याच्या तीन तुकड्या व थोडा तोफखाना, रेसिडेन्सीचें रक्षण करण्यासाठीं उघड्या टेकड्यांवर येऊन बसली. आप्पासाहेबांनीं तेथें अगोदर किल्ला बांधून ठेविला असता तर शत्रूला तो एका सायंकाळीं न लढतां व्यापतां आला नसता, हें सांगावयास नको. टेकड्या इंग्रजांस तटबंदीसाठीं मिळाल्या त्या लढाईनंतर, १८१८ च्या आरंभीं आप्पासाहेबांवर लादलेल्या करारानें. तेव्हां किल्ला हें लढाईचें कारण नसून फळ आहे. कार्य तेंच कारण म्हणून लिहिलें गेलें, आणि पाटीवर आलेल्या या उलट्या क्रमाचा परिणाम असा झाला कीं भोसल्यांनीं स्वतःच्या किल्ल्यांत राहून पराभव पत्करला असा समज नव्या पिढीचा होत आहे. हा अन्याय इतिहासावर आहे तितकाच भोसल्यांवरहि आहे.

लढाईच्या इंग्रजी वर्णनांविषयींहि दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. या वर्णनांत सुमारें चौदाशें लोकांनीं अठरा-वीस हजारांचा हल्ला परतविला, लहान टेकडी अरबांनीं घेतली असतां कॅप्टन फिट्झेराल्ड यानें रिसाला घालून रंग पालटला, असा मजकूर येतो. ढोबळ घटनाक्रम यावरून कळतो. परंतु वर्णन कोणत्या हेतूनें लिहिलें गेलें हेंहि पाहिलें पाहिजे. तेथें लढलेल्या चोविसाव्या मद्रासी पलटणीचा पूर्वींचा क्रमांक पहिला होता. १८०६ च्या वेल्लोरच्या उठावानंतर तो शिक्षा म्हणून काढून घेण्यांत आला होता. सीताबर्डीच्या कामगिरीबद्दल तो तिला परत मिळाला. पुढें ‘सीताबर्डी’ हें नांव पलटणींच्या निशाणांवर मानचिन्ह म्हणून चढलें. ज्या लढाईवर बिरुदें व क्रमांक मिळाले तिचें वर्णन तपशीलवार व तेजस्वी असणारच. याउलट १६ डिसेंबरच्या नागपूरच्या लढाईनंतर शहरांत कोंडून घेतलेल्या अरबांनीं जुम्मा दरवाजाकडील इंग्रजी हल्ला २४ डिसेंबरला फोल ठरविला व महिन्याच्या अखेरीस ते अटींवर, सुरक्षितपणें बाहेर पडले, ही गोष्ट अगदीं थोड्यांच्या स्मरणांत आहे. सीताबर्डी सर्वांस ठाऊक आणि जुम्मा दरवाजा कोणास नाहीं, हा भेद घटनांच्या महत्त्वामुळें पडलेला नसून लेखणी कोणाच्या हातीं होती त्यामुळें पडलेला आहे.

मराठी बाजूचें साधन म्हणून काशीराव राजेश्वर गुप्ते यांच्या नागपूरकर भोसल्यांच्या बखरीकडे बोट दाखविण्यांत येतें. बखर मोलाची आहे यांत संशय नाहीं. परंतु ती जेन्किन्सच्या सांगण्यावरून तयार झालेली आहे. जो मनुष्य लढाईंत एका पक्षाचा प्रमुख होता त्याच्याच आज्ञेनें लिहिलेल्या ग्रंथांतून दुसऱ्या पक्षाचें मन जाणूं पाहणें हें जपून करण्याचें काम आहे. यादव माधव काळे यांनीं १९३४ सालीं ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ लिहून व पुणें रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचा नागपूरविषयक खंड संपादून या अभ्यासाचा पाया घातला. १९५० पासून नागपूर रेसिडेन्सीचे निवडक कागदहि एच्. एन्. सिन्हा यांच्या संपादनाखालीं प्रसिद्ध झाले. यांतील रेसिडेन्सीच्या पत्रांतून दिसतें तें मुख्यतः रेसिडेन्सीच्या खिडकींतून दिसलेलें नागपूर. खिडकीखालून जाणाऱ्या वाटेवरचा व्यापारी, बैलगाडीवाला, तेली, कोष्टी यांचे कागद त्यांत शोधूं नयेत.

तिसरी समजूत गांधीजींच्या बंदिवासाची. तिचें निरसन सर्वांत सोपें असून तीच सर्वांत अधिक श्रद्धेनें सांगितली जाते. १८ मार्च १९२२ रोजीं अहमदाबाद येथें गांधीजींस सहा वर्षांची शिक्षा झाली व त्यांस येरवड्याच्या तुरुंगांत नेण्यांत आलें. १९२४ च्या जानेवारींत पुण्याच्या ससून रुग्णालयांत त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली व ५ फेब्रुवारी १९२४ रोजीं त्यांची सुटका झाली. म्हणजे १९२३ चें सबंध वर्ष ते येरवड्यास होते. त्या वर्षीं ते सीताबर्डीच्या किल्ल्यांत असणें शक्यच नाहीं. मग ही आठवण आली कोठून ? आमचा तर्क असा : १९२३ च्या उन्हाळ्यांत नागपूर हें झेंडा सत्याग्रहाचें केंद्र होतें. तिरंगी निशाण घेऊन सिव्हिल लाइन्सकडे निघालेल्या मिरवणुका अडविल्या जात व सत्याग्रहींस पकडण्यांत येई. जमनालाल बजाज यांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेल यांनीं ही चळवळ पुढें चालविली व ऑगस्टमध्यें ती तडीस नेली. मध्यप्रांताबाहेरूनहि स्वयंसेवक येऊन शेंकडोंनीं तुरुंगांत गेले. त्या अनामिकांच्या बंदिवासाची स्मृति एका मोठ्या नांवाभोंवतीं गोळा झाली असावी. लोकस्मृतीची ही रीतच आहे. परंतु संशोधकानें तिला मान देणें म्हणजे त्या शेंकडों लोकांची नांवें कायमचीं पुसून टाकणें होय. गांधीजींच्या चरित्रास एका खोट्या कोठडीची गरज नाहीं. झेंडा सत्याग्रहींस मात्र खऱ्या यादीची गरज आहे.

आतां चौथा व सर्वांत गाजलेला विषय, शून्य मैलाचा दगड. या ठिकाणीं एक वालुकाश्माचा स्तंभ, चार घोडे व जवळच एक षट्कोनी दगड अशी रचना आहे. सर्वसाधारण प्रेक्षक हा सगळा प्रकार एकच समजतो. परीक्षकानें त्या वेगवेगळ्या वस्तु म्हणून पाहाव्या.

स्तंभ हा सर्व्हे खात्याच्या त्रिकोणमितीय मोजणीचा १९०७ चा प्रमाण-उंचीखूण आहे. त्याच्या माथ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०·१७१ फूट अशी देण्यांत येते. फुटाच्या हजारांशापर्यंत दिलेला हा आंकडाच त्याचें प्रयोजन सांगतो : तो उंची मोजण्यासाठीं आहे, अंतर मोजण्यासाठीं नाहीं. अशा खुणा देशांत ठिकठिकाणीं आहेत. समपातळी-मोजणीचें काम हिंदुस्थानांत १८५८ पासून सुरू झालें व १९०९ मध्यें किनाऱ्यावरील नऊ भरती-ओहोटीच्या वेधशाळांवरून तिचा मेळ घालण्यांत आला. म्हणजे उंचीचा आरंभ समुद्रावर आहे. क्षितिजसमांतर मोजणीचा आरंभबिंदु पाहावयाचा तर तो मध्य हिंदुस्थानांत सिरोंजजवळ कल्याणपूर येथें आहे. १८०२ सालीं मद्रासजवळून ही मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन नागपूरकडे येत असतां २० जानेवारी १८२३ रोजीं हिंगणघाट येथें मरण पावला व तेथेंच त्यास पुरलें. नागपूरचा या मोजणीशीं खरा व हृद्य संबंध शोधावयाचा तर तो हिंगणघाटच्या त्या थडग्यांत आहे. त्याकडे पाठ फिरवून आपण स्तंभावर न लिहिलेला मजकूर वाचीत बसलों आहों.

षट्कोनी दगडाची गोष्ट वेगळी. त्यावर इंग्रजी अक्षरांत गांवांचीं नांवें व मैल कोरले आहेत. ते येणेप्रमाणें वाचले जातात : कवठा ६२, हैदराबाद ३१८, चांदा १२५, राजपूर १७४, जबलपूर १७०, शिवनी ७९, छिंदवाडा ८३, बैतूल १०१. शिलालेख वाचण्याची संवय असणाऱ्या आमच्या वाचकांस यांत काय नाहीं हें तत्काळ दिसेल. मुंबई नाहीं, कलकत्ता नाहीं, मद्रास नाहीं, दिल्ली नाहीं. सबंध देशाचीं अंतरें मोजण्यासाठीं दगड उभारणाऱ्या सरकारला आपली राजधानी त्यावर कोरण्याची आठवण राहिली नाहीं, असें मानण्यास कोणी तयार होईल असें आम्हांस वाटत नाहीं. एक हैदराबाद वजा केल्यास या यादींतील ओळखीचीं नांवें जुन्या मध्यप्रांताचीं आहेत. हा दगड प्रांताच्या सडकांचा आहे, देशाच्या केंद्राचा नाहीं. आणि त्याचा मजकूरच त्याच्या कीर्तीविरुद्ध साक्ष देतो. देशाचा भौगोलिक मध्य म्हणून मध्य प्रदेशांत कटनी जिल्ह्यांतील करौंदी गांवाचेंहि नांव पुढें केलें जातें. एका देशास दोन मध्यें असूं शकत नाहींत, एवढें जरी या प्रतिस्पर्ध्यानें शिकविलें तरी पुष्कळ झालें.

याच यादींत आणखी दोन गोष्टी सूक्ष्म पाहण्यासारख्या आहेत. ‘राजपूर १७४’ हें रायपूरच असलें पाहिजे, कारण अंतर त्याच्याशीं जुळतें आणि इंग्रजी ‘आय’ व ‘जे’ हीं अक्षरें झिजलेल्या दगडावर एकमेकांसारखीं दिसतात. ही चूक कोरणाऱ्याची कीं वाचणाऱ्याची, याचा निर्णय ठसा घेतल्यानें होईल. आणि हें काम एका सकाळचें आहे. दुसरें असें कीं शिवनी व जबलपूर यांचे आंकडे आजच्या सडकेशीं बरोबर जुळतात, परंतु चांद्याचें अंतर आजच्या सडकेनें शंभर मैलांच्या आंतबाहेर असतां दगडावर तें १२५ आहे. उत्तरेची वाट तीच राहिली व दक्षिणेची बदलली, असा याचा सरळ अर्थ होतो. देशाच्या मध्याच्या कल्पनेपेक्षां हा पंचवीस मैलांचा फरक इतिहासदृष्ट्या शतपट मोलाचा आहे, कारण त्यांत एक हरवलेली वाट दडलेली आहे. ती शोधावयाची तर त्या वाटेवरील मुक्कामांचे, नाक्यांचे व धर्मशाळांचे कागद पाहावे लागतील.

येथें आमच्या विवेचनाचा मुख्य मुद्दा येतो. वरील चारहि समजुतींत एक दोष समान आहे. त्या सर्व सीताबर्डीस मोठेपण बाहेरून आणून देऊं पाहतात : संस्थापक बंधूंकडून, किल्ल्यावरून, महापुरुषाकडून किंवा देशाच्या मध्यावरून. सीताबर्डीचें खरें मोठेपण तिच्या चौरस्त्यांत आहे, आणि तें हळूहळू, सामान्य माणसांच्या व्यवहारानें वाढलेलें आहे. १८२१ मध्यें कामठीची छावणी झाली व तिकडची वाट वाहती झाली. डिसेंबर १८५३ मध्यें तिसरे रघूजी वारल्यावर राज्य खालसा झालें. १८६१ मध्यें मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी ठरलें. राजधानीचीं कार्यालयें रेसिडेन्सीच्या बाजूस पसरलीं, बाजार शहरांतच राहिला, आणि कचेरी व बाजार यांमधल्या येण्याजाण्यावर सीताबर्डीचीं दुकानें उभीं राहिलीं. १८६७ सालीं मुंबईकडून आगगाडी आली. १ जानेवारी १८७७ रोजीं जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस गिरणी सुरू झाली. १८८३ मध्यें हिस्लॉप व १८८५ मध्यें मॉरिस हीं महाविद्यालयें निघालीं. १८९१ मध्यें बंगाल-नागपूर रेल्वेनें कलकत्त्याची वाट मोकळी केली. कारकून, विद्यार्थी, वकील, कापसाचा अडत्या, गिरणीकामगार अशा सर्वांची पायवाट एकाच चौकांतून जाऊं लागली. पुढें मुंबई-कलकत्ता व वाराणसी-कन्याकुमारी हे दोन राष्ट्रीय महामार्ग नागपुरांत एकमेकांस छेदून गेले. क्रमांक बदलून आज ते त्रेपन्न व चव्वेचाळीस म्हणून ओळखले जातात. शहरांतील मेट्रोच्या दोन मार्गांचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं पूर्ण झाला, तेव्हां त्यांची गांठहि सीताबर्डीवरच पडली. आंखणी करणाऱ्यांनीं इतिहास वाचला असो वा नसो, वाटांनीं आपली जुनी जागा सोडली नाहीं.

चौरस्त्याचा स्वभाव व्यापारापुरता नसतो. जेथें वाटा मिळतात तेथें माणसें जमतात, आणि जेथें राजसत्तेचीं दारें जवळ असतात तेथें गाऱ्हाणीं घेऊन जमतात. १९२३ च्या मिरवणुकांपासून विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनांवर येणाऱ्या मोर्चांपर्यंत हा क्रम चालू आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजीं अशाच एका मोर्चांत गोवारी समाजाचे ११४ लोक चेंगरून मरण पावले. त्यांत स्त्रिया व मुलें होतीं. त्यांचें स्मारक शून्य मैलाच्या परिसरांत आहे, आणि तेथील उड्डाणपुलास त्यांचें नांव आहे. सीताबर्डीच्या गेल्या दोनशें वर्षांच्या इतिहासांत १८१७ चीं दोन दिवसांचीं नोंदपत्रें जितक्या आदरानें जपलीं जातात तितक्याच आदरानें या एका दिवसाचीं जपलीं गेलीं पाहिजेत. गुराख्यांचा धंदा करणाऱ्या या लोकांजवळ पलटणीचें निशाण नव्हतें कीं ज्यावर त्या दिवसाचें नांव चढावें.

यावरून आमच्या संग्राहक मित्रांस एक विनंति करावीशी वाटते. सनद, मोर्तब असलेलें पत्र, तरवार, नाणें यांचा संग्रह होतो व तो व्हावा. परंतु सीताबर्डीसारख्या ठिकाणाचा इतिहास ज्या कागदांत आहे त्यांस बाजारांत किंमत नाहीं. दुकानाच्या खतावण्या, अडत्यांच्या वह्या, जागेचीं विक्रीखतें व भाडेचिठ्ठ्या, खानावळींचे हिशेब, नाटकगृहांचीं व सभांचीं जाहिरातपत्रकें, तुरुंगांत गेलेल्यांच्या घरीं राहिलेलीं पत्रें : हीं सर्व रद्दींत जाण्याच्या मार्गावर आहेत. वाडे पडून तेथें उंच इमारती उठत आहेत, आणि वाडा पडतो तेव्हां सर्वांत प्रथम माळ्यावरचें गांठोडें बाहेर फेंकलें जातें. ज्या मित्रांचें नागपुरांत येणेंजाणें आहे त्यांनीं अशा गांठोड्यांकडे लक्ष ठेवावें; विकत घेतां न आल्यास निदान प्रत किंवा छायाचित्र करून तारीख व ठिकाण नोंदून ठेवावें. कागदावरून ठिकाण सुटलें म्हणजे तो कागद अर्धा मेला, हें येथें सांगण्याची गरज नाहीं.

दुसरें काम पाट्यांचें आहे. किल्ला लष्कराच्या ताब्यांत असून वर्षांतील कांहीं मोजक्या दिवशींच तो लोकांस पाहावयास मिळतो. त्या दिवशीं येणाऱ्या हजारों लोकांस जें सांगितलें जातें तें शुद्ध असावें, एवढी अपेक्षा अवाजवी नाहीं. ‘येथें किल्ला लढाईनंतर झाला’, ‘हा स्तंभ उंचीची खूण आहे’, ‘हा दगड प्रांताच्या सडकांचा आहे’ अशीं तीन लहान वाक्यें लिहिल्यानें सीताबर्डीची शोभा रतिभरहि कमी होणार नाहीं. उलट जो प्रेक्षक आज देशाचा मध्य पाहिला म्हणून दोन क्षण थांबून निघून जातो, तो चांद्याच्या वाटेचे पंचवीस मैल कोठें गेले असा प्रश्न मनांत घेऊन परत जाईल. असे प्रश्न विचारणारे शंभर लोक नागपुरांत निघाले तर सीताबर्डीचा साधार इतिहास लिहिला जाण्यास फार काळ लागणार नाहीं. तोंपर्यंत त्या षट्कोनी दगडाचा एक स्वच्छ ठसा व माळ्यांवरच्या गांठोड्यांची एक यादी, एवढें साहित्य जो कोणी आमच्याकडे पाठवील त्याचे आम्ही ऋणी राहूं.